कापूस घरात, बंब तालुक्याला

दिवाळीच्या आसपास यवतमाळ जिल्ह्यातल्या घरांचा आतला नकाशा बदलतो. सीतादही, म्हणजे वेचणीआधीची पूजा, झालेली असते, पहिली वेचणी घरी आलेली असते आणि कालपर्यंत जिथे पोरांचं अंथरूण पडत होतं त्या खोलीत कापूस भरायला सुरुवात होते. आधी एका कोपऱ्यात ढीग, मग खिडकीच्या खालपर्यंत, मग खिडकीच बुजते. तिसऱ्या वेचणीला दार उघडताना कापूस पायाने मागे लोटावा लागतो. त्याच घराच्या दारात पणत्या, अंगणात फुलझड्या, गल्लीत रॉकेट, आणि परसात जळणासाठी रचलेली मागच्या हंगामातली पऱ्हाटी.

अशा घराला आग लागली तर बंब कुठून येणार, हा प्रश्न गावात सहसा कोणी विचारत नाही. उत्तर सगळ्यांना ठाऊक असतं. बंब तालुक्याहून येतो, म्हणजे राखेवर पाणी मारायला येतो.

‘ज्वलनशील माल राहत्या घरात साठवू नका’ असं अग्निसुरक्षेच्या प्रत्येक पत्रकात छापलेलं असतं. सल्ला बिनचूक आहे, फक्त घाटंजी-राळेगावच्या शेतकऱ्याने तो पाळायचा कसा हे त्यात नसतं. कापूस घरात असतो कारण भाव बाजारात नसतो. 2022 च्या उन्हाळ्यात कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला. पुढच्या हंगामात तोच भाव पुन्हा येईल या आशेवर लोकांनी महिनोन्‌महिने माल घरात ठेवला. भाव सात-आठ हजारांवर घुटमळत राहिला, आणि साठवलेल्या कापसामुळे घरातल्या माणसांना अंगभर खाज सुटल्याच्या बातम्या तेवढ्या आल्या. 2025-26 साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव 8,110 रुपये ठरला. पण त्या भावाने सीसीआयला, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाला, द्यायचा तर ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी हवी, केंद्राचा स्लॉट हवा आणि ओलावा 12 टक्क्यांच्या आत हवा. तोवर कापूस ठेवायचा कुठे? 1972 मध्ये सुरू झालेल्या एकाधिकार खरेदीच्या काळातही बैलगाड्यांच्या रांगा लागतच होत्या, पण माल शेवटी कुठे जाणार हे ठरलेलं असे. आता वाट बघण्याचं गोदाम म्हणजे राहतं घर.

म्हणून घरात कापूस राहणार हे धरूनच पुढचा विचार करावा लागतो.

कापसाची आग इतर आगींसारखी वागत नाही, आणि माणसं फसतात ती इथेच. सुट्या कापसाच्या ढिगाला ठिणगी लागली की ज्वाळ वरच्या तंतूंवरून पसरत जाते, काही सेकंदांत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. बघणाऱ्याला वाटतं, सगळं संपलं. मग ती ज्वाळ बसते. ढीग वरून नुसता काळपट-तपकिरी दिसतो, थोडा धूर, जळक्या चिंधीसारखा वास. दोन घागरी पाणी मारलं की धूरही थांबतो. पण कच्च्या कापसाच्या तंतूवर मेणाचा नैसर्गिक थर असतो. पाणी आत शिरत नाही, ढिगावरून घरंगळून जमिनीवर येतं. आत, हात-दीड हात खोल, विस्तव ज्वाळेविना सरकत राहतो. त्याला फार हवा लागत नाही. तंतूंमध्ये अडकलेली हवा त्याला पुरते. सरकीतलं तेल असतंच. संध्याकाळी विझवलेली आग पहाटे पुन्हा पेटते, आणि तेव्हा घरातली माणसं दमून झोपलेली असतात.

हा स्वभाव मुंबईने फार मोठी किंमत देऊन पाहिला. 14 एप्रिल 1944 रोजी व्हिक्टोरिया गोदीत उभ्या असलेल्या ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजात सुमारे 1,400 टन स्फोटकं होती आणि त्यांच्या सोबतीला कराचीहून चढवलेल्या कापसाच्या हजारो गाठी. दुपारी गाठींतून धूर दिसला. पंप लावून शेकडो टन पाणी आत सोडलं गेलं, पण दाट धुरात आगीचं मूळ सापडेना. चारनंतर काही मिनिटांतच जहाज फुटलं आणि गोदीबरोबर आसपासच्या वस्त्याही उद्ध्वस्त झाल्या. अग्निशमन दलाचे 66 जवान त्यात गेले. देशभर अग्निशमन सेवा दिन 14 एप्रिलला पाळतात तो त्यांच्यासाठी. त्याच दिवशी गावोगाव आंबेडकर जयंतीच्या मिरवणुका असतात, त्यामुळे या दुसऱ्या दिवसाची आठवण आपल्याकडे मागे पडते. कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्याला मात्र गोदीतली ती आग आपली वाटायला हवी.

घरातल्या ढिगाला यातून दोन-तीन गोष्टी लागू पडतात. पाण्याच्या बादलीत कपडे धुण्याच्या पावडरची मूठ टाकली की पाणी मेणावरून घसरायचं थांबतं आणि आत झिरपतं. कापसाच्या गाठींच्या आगीत वापरतात ते फेसाळ द्रावण याच तत्त्वावर चालतं. दुसरं, धुमसणारा ढीग आधी भिजवायचा आणि मग काठाकाठाने उपसून बाहेर न्यायचा. कोरडा असताना मधोमध दाताळं घातलं की आत हवा जाते आणि तोंडावर भडका येतो. बाहेर काढलेला कापूस घराला, गुरांच्या कोठ्याला, गंजीला लागून टाकायचा नाही. मोकळ्या जागी पातळ पसरायचा आणि एक-दोन दिवस त्यावर कोणीतरी नजर ठेवायची. पांढरा दिसणारा भाग वाचला म्हणून त्याच रात्री परत खोलीत भरणं हा सर्वांत महाग पडणारा उतावीळपणा.

भरतानाच थोडं शहाणपण केलं तर यातलं बरंच टळतं. कापसाच्या खोलीत बोर्ड असेल तर त्या खोलीची वायर मेनपासूनच सोडवून टाकावी. मोबाईलचा चार्जर, होल्डरमधला बल्ब, गणपतीची उरलेली लाईटची माळ, यातलं काही आत नको. जुन्या घरांत अजून किटकॅट फ्यूज असतात. वारंवार उडतो म्हणून त्यात एकाऐवजी चार पदरी तार घातलेली असते. उडणं हेच त्या फ्यूजचं काम होतं. जाड तार टाकल्यावर फ्यूज उडत नाही, भिंतीतली वायर तापते, आणि भिंतीला टेकून कापूस असतो. ढीग छतापर्यंत चढवू नये. भिंतीच्या एका कडेने माणूस जाईल एवढी वाट ठेवावी. आणि ज्या खोलीतून बाहेर पडायला कापसाच्या खोलीतूनच जावं लागतं, तिथे म्हाताऱ्या माणसांना आणि लेकरांना झोपवू नये. आगीत भाजून मरणाऱ्यांपेक्षा धुराने गुदमरणारे अधिक असतात, आणि धूर झोपलेल्याला जागा करत नाही.

बंब गावाचा का नाही, याचं उत्तर राज्यघटनेच्या परिशिष्टात सापडतं. शहरांना अधिकार देणाऱ्या बाराव्या अनुसूचीत 18 विषय आहेत आणि त्यात अग्निशमन सेवा स्पष्ट लिहिलेली आहे. पंचायतींसाठीच्या अकराव्या अनुसूचीत 29 विषय आहेत. शेती, जळण आणि चारा, कुक्कुटपालन, वाचनालयं, जत्रा-बाजार, सगळं आहे. आग नाही. 1992-93 मध्ये या याद्या करणाऱ्यांना गाव जळतं हे माहीत नव्हतं असं म्हणवत नाही. पण कागदावर बंब नगरपालिकेचा झाला तो झालाच.

यवतमाळ जिल्हा साडेतेरा हजार चौरस किलोमीटरचा, 16 तालुक्यांचा. अग्निशमनाच्या राष्ट्रीय सल्लागार समितीचा जुना निकष ग्रामीण भागात 50 चौरस किलोमीटरमागे एक केंद्र असा आहे. त्या हिशेबाने इथे अडीचशेहून जास्त केंद्रं लागतील. नगरपालिका दहा आहेत. बाभूळगाव, कळंब, राळेगाव, मारेगाव, झरी आणि महागाव या तालुक्यांच्या गावी नगरपंचायती आहेत. यवतमाळहून उमरखेड शंभर किलोमीटरच्या वर. याच समितीच्या निकषानुसार ग्रामीण भागात बंब वीस मिनिटांत पोचायला हवा. झरी तालुक्यातल्या कोलामांच्या पोडावर, म्हणजे वस्तीवर, पोचायला मोटरसायकललाही कधीकधी त्याहून जास्त वेळ लागतो, आणि पावसाळ्यात नाला आडवा आला तर विषयच संपला. केंद्राने 2023 मध्ये राज्यांच्या अग्निशमन सेवांसाठी 5,000 कोटींची योजना काढली, ते चांगलंच झालं. पण केंद्रं दुप्पट झाली तरी त्या पोडाचं अंतर फारसं कमी होत नाही.

जुलै 2023 मध्ये महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्याला पुराने वेढलं, तेव्हा एसडीआरएफची पथकं धावली, हवाई दलाची हेलिकॉप्टरं मागवली गेली. पूर तासन्‌तास थांबतो, त्यामुळे यंत्रणेला पोचायला वेळ मिळतो. कुडाचं, गवताने शाकारलेलं घर दहा-पंधरा मिनिटांत बसतं.

तेव्हा पहिली दहा मिनिटं गावाची. त्या दहा मिनिटांत जी गडबड होते तिचं एक ठरलेलं रूप आहे: सगळे आगीकडे धावतात, सगळे ओरडतात, आणि पाण्याकडे कोणीच जात नाही. सरपंच, पोलीस पाटील, वायरमन आणि नळ सोडणारा माणूस या चौघांना पहिले फोन गेले पाहिजेत, आणि ते फोन आगीजवळ न थांबलेल्या माणसाने करायचे. 101 आणि 112 आहेतच, पण सर्वांत जवळच्या नगरपालिकेच्या अग्निशमन केंद्राचा थेट नंबर ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवलेला असला तर वेळ वाचतो. बंब उशिरा येणार असला तरी बोलवायचाच. त्याची नोंद पुढे पंचनाम्यात उपयोगी पडते, आणि शेजारची दोन घरं तरी तो वाचवू शकतो.

वायरमनला फोन का, तर तारा जिवंत असताना पाणी मारणं म्हणजे दुसरा अपघात. डीपीवर आपण चढायचं नाही. फीडर उपकेंद्रातूनच बंद करून घ्यायचा. पण इथे एक पेच आहे. वीज बंद झाली की नळयोजनेचा पंप बंद, विहिरीवरची मोटार बंद, सगळंच बंद. शेतीपंपांची वीज तर पाळीपाळीने, अर्धे दिवस रात्रीचीच. म्हणजे आग विझवायला हातात उरतं ते उंच टाकीत आधीच चढलेलं पाणी, आणि त्याचा व्हॉल्व्ह कुठे आहे हे माहीत असणारा एकटा माणूस. तो बाजाराला गेला असेल तर? उन्हाळ्यात टाकी अर्धी ठेवायची नाही आणि व्हॉल्व्ह फिरवता येणारे गावात तीन जण तरी हवेत, एवढा ठराव कोणतीही ग्रामसभा बिनखर्चात करू शकते. 2018 च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह धरणांनी तळ गाठला तेव्हा खुद्द यवतमाळ शहरात लोक पाण्यासाठी दिवस मोजत होते. आगीचे दिवस आणि पाण्याच्या टंचाईचे दिवस इथे एकच असतात.

घरोघरी असलेलं एक हत्यार मात्र कोणी आगीशी जोडत नाही. तो म्हणजे पाठीवरचा फवारणी पंप. पंधरा-सोळा लिटर पाणी, हातात नळी, तुषार लांब-जवळ करता येतो. पेटलेलं छत त्याने विझणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण शेजारच्या गवती छपरावर पडणाऱ्या ठिणग्या, कोठ्याच्या आढ्याला लागू पाहणारी धग, धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, सरकत येणारी गवताची आग, यासाठी बादलीपेक्षा तो कितीतरी कामाचा, कारण बादलीतलं निम्मं पाणी वाटेत सांडतं. वीस पंप पाच मिनिटांत भरून उभे राहिले तर ती एक छोटी पलटणच झाली. काळजी दोन गोष्टींची. कीटकनाशकांच्या काही द्रावणांत पेट घेणारी द्रव्यं असतात, तेव्हा टाकीत औषधाचा थेंब राहता कामा नये. जुना पंप धुऊन त्याच कामाला वेगळा ठेवला तर उत्तम. आणि औषधाचे डबे घरात असतील तर त्या घराचा धूर अंगावर घेऊ नये. 2017 च्या हंगामात फवारणीच्या विषबाधेने याच जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-मजूर गेले. तेच औषध आगीत तापलं तर काय होतं हे कोणाला करून बघायची गरज नाही. तिथे काम करायचं ते वारा पाठीशी घेऊन, तोंडाला ओलं फडकं बांधून. आणि ते फडकं विषारी वायू अडवत नाही हे लक्षात ठेवून.

ट्रॅक्टरच्या मागचा पाण्याचा टँकर आणि फवारणीचा ब्लोअर हे मोठं बळ. नगरपालिकेच्या मोठ्या बंबात साधारण साडेचार हजार लिटर पाणी असतं, गावातल्या टँकरमध्येही जवळपास तेवढंच. फरक पंपाचा. डिझेलवर चालणारा एक लहान पंप आणि पाईप ग्रामपंचायतीने टँकरला जोडून ठेवला, तर बाराव्या-अकराव्या अनुसूचीचा वाद गावापुरता मिटतो. वित्त आयोगाच्या निधीतून पेव्हर ब्लॉक बसवायला गावं कमी पडत नाहीत, मग या पंपालाच काय अडचण आहे, हे मला अजून कळलेलं नाही.

कोठ्याकडे आता बघू. आगीत ढोरं मरतात ती बहुतेक वेळा दाव्याला. धुरात जनावर बुजतं, मागे ओढतं, गाठ आणखी आवळते, आणि सोडायला गेलेल्याची बोटं त्या गाठीशी झगडत राहतात. दाव्याला ओढताच सुटेल अशी सरकगाठ मारावी, आणि कोठ्याच्या दाराशी, आतल्या बाजूला नव्हे, बाहेरच्या खांबाला एक धारदार विळा कायम टांगलेला असावा. तो गवत कापायला न्यायचा नाही. म्हशी सुटल्या तरी पुन्हा आत पळतात, ती त्यांची ओळखीची जागा असते. म्हणून सोडलेलं जनावर दूर नेऊन बांधेपर्यंत काम संपत नाही. कोठ्यावर माळा करून त्यात कुटार (भुसा) भरलेलं असतं, आणि खाली मच्छर येऊ नयेत म्हणून शेणाच्या गोवऱ्यांचा धूर. गरिबाच्या घरात जागा एकच, हे खरं. निदान धुराची पाटी कुटाराच्या खाली नको, अंगणात वाऱ्याच्या बाजूला ठेवावी.

मार्च उजाडला की जिल्हाभर धुरे पेटतात. वावर वखरायच्या आधी धुऱ्यावरचं गवत आणि काटेरी झुडपं जाळून मोकळं करायची सवय जुनी आहे. जंगलाच्या कडेला मोहफुलं वेचण्यासाठी झाडाखालचा पालापाचोळा जाळतात. वनखात्याचा आगीचा हंगाम 15 फेब्रुवारी ते 15 जून, आणि टिपेश्वरच्या जंगलात त्यासाठी जाळरेषा काढल्या जातात. गावकऱ्याने आपल्या गंजीभोवती तेच केलं तर? वखराच्या दोन-तीन पाळ्या गंजीच्या चारी बाजूंनी मारल्या की उघड्या मातीचा पट्टा तयार होतो. गवताची आग माती ओलांडत नाही, ठिणगी ओलांडते, आणि ठिणगीसाठी पंप आहे. दुपारी वावधन सुटायच्या वेळी धुरा पेटवून घरी जेवायला जाणारा माणूस प्रत्येक गावात एक तरी असतो. त्याला सगळे ओळखतात. त्याच्याशी बोलणं हेही अग्निशमनच.

परसातल्या पऱ्हाटीबद्दल कृषी खातं अनेक वर्षं कंठशोष करतंय, पण वेगळ्या कारणासाठी. गुलाबी बोंडअळी सुप्तावस्थेत त्या ढिगात तग धरते, म्हणून पऱ्हाटी घराजवळ साठवू नका, श्रेडरने बारीक करून वावरातच गाडा. अळीसाठी दिलेला सल्ला आगीलाही लागू पडतो. चुलीपुरती पऱ्हाटी घराच्या भिंतीला न टेकवता, विजेच्या तारेखाली न रचता, वेगळी ठेवावी. वादळात तारा एकमेकींना घासल्या की ठिणग्या खाली पडतात, आणि खाली काय असावं हे तरी आपल्या हातात असतं.

घराची जात बदलते आहे, हेही नोंदवलं पाहिजे. कोलामांच्या पोडावरचं कुडाचं घर, दोन्ही बाजूंनी शेणामातीने नीट लिंपलेलं असेल तर भिंत बराच वेळ तग धरते. जातं ते छप्पर. नोव्हेंबर 2023 मध्ये सुरू झालेल्या पीएम-जनमन योजनेत कोलाम कुटुंबांना पक्क्या घरासाठी दोन लाखांची तरतूद झाली. पक्क्या घराचं छत पेटत नाही, पण आतला कापूस तोच राहतो, आणि दार एकच. टिनाचं शेडही पेटत नाही, ते भट्टीसारखं तापतं.

आता नुकसानीचा हिशेब. आग ही केंद्राच्या यादीतली नैसर्गिक आपत्ती आहे, त्यामुळे आपत्ती निधीतून मदत मिळते. 2022-26 च्या निकषांनुसार सपाट भागात घर पूर्ण पडलं-जळलं तर 1,20,000 रुपये, झोपडीला 8,000, कोठ्याला 3,000, दुभत्या गाई-म्हशीला 37,500, बैलाला 32,000. कपड्यांना आणि भांड्यांना कुटुंबामागे अडीच-अडीच हजार. घरात भरलेल्या कापसासाठी या यादीत रकानाच नाही. चार एकरांतला 20 क्विंटल कापूस हमीभावाने 1,62,200 रुपयांचा होतो. म्हणजे सरकारी दराने घरापेक्षा घरातली एक खोली महाग. पीकविम्यातही काढणीनंतरचं संरक्षण होतं ते शेतात सुकायला पसरलेल्या पिकाला, तेही चौदा दिवस आणि पाऊस-गारपीट-वादळापुरतं. माल उंबऱ्याच्या आत आला की विमा संपला. 2021 पासून मिळणारी ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी घर आणि घरसामानासाठी आहे. विक्रीचा शेतमाल आणि कच्चं बांधकाम त्यात बसतं का, हे एजंटकडून लेखी घ्यावं. तोंडी ‘हो’ पंचनाम्याच्या दिवशी उपयोगी पडत नाही.

आग विजेच्या तारेमुळे लागली असेल तर मार्ग वेगळा. महावितरणकडे तक्रार, विद्युत निरीक्षकांचा अहवाल, पोलिसांत नोंद. यासाठी जळालेली जागा अहवाल होईपर्यंत साफ करायची नाही, हे बाईमाणसांना सांगून ठेवावं लागतं. घर झाडून काढायची घाई त्यांनाच असते, आणि ती समजण्यासारखी आहे.

तलाठ्याच्या पंचनाम्यात कापूस ‘अंदाजे’ म्हणून येतो, आणि तो अंदाज कधीच शेतकऱ्याच्या बाजूने झुकत नाही. सातबारावर आणि ई-पीक पाहणीत हेक्टर-आर असतात, क्विंटल नसतात. वेचणीची मजुरी किलोवर देतात, त्या वह्या घरातच असतात आणि घराबरोबर जळतात. प्रत्येक वेचणीनंतर त्या पानाचा आणि खोलीतल्या ढिगाचा फोटो काढून दुसऱ्या गावच्या नातेवाइकाला व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवावा. फोटोत दाराची चौकट यायला हवी, म्हणजे ढीग किती उंच होता हे मोजता येतं.